डावरी मोटार

मोटार बाळगणाऱ्या माणसाचा लोकांना हेवा वाटतो असे म्हणतात. माझा कोणी केल्याचे आठवत नाही. आमच्या पेठेत खाजगी मोटार एकच होती आणि ती माझी होती, पण ती रस्त्याला लागली की लोक अदबीने बाजूला होण्याऐवजी ओट्यावर येऊन उभे राहत आणि एकमेकांना सांगत, "निघाले बघा मंद्रूपकर वकील कोर्टाला. आता निम्मं सोलापूर हिंडून पोचतील." लोकांचे म्हणणे खोटे नव्हते. कोर्ट आमच्या घरापासून उजव्या हाताला होते, आणि माझी मोटार उजवीकडे वळत नसे.

ती अमेरिकेतून आली तेव्हा दोन्हीकडे वळत होती, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. तिला डावरी मी केली. आणि तीही दुसऱ्याच्या मूळव्याधीपायी.

आमची दाक्षायणी तेव्हा लग्नाची होती. होऊन बरेच दिवस झाले होते, असे तिची आई म्हणे. मुलीत उणे काही नव्हते. रंग जरा सावळा आणि बोलणे जरा स्पष्ट. यांपैकी एकच गोष्ट असती तर कोणीतरी चालवून घेतली असती. पाहायला येणारे लोक शिरा खात, "कळवतो" म्हणत आणि कळवत नसत. पुढे तीच माणसे मला बाजारात भेटत तेव्हा मोतीबिंदू झाल्यासारखी बघत. शिऱ्यात काही दोष असावा अशीही एक शंका मला होती, पण ती घरात बोलून दाखवण्यासारखी नव्हती.

अशात बार्शीचे स्थळ आले. त्र्यंबकराव वैरागकर हे मामलेदार कचेरीतून पेन्शन घेतलेले गृहस्थ. बायको वारलेली. घरात कर्तीसवरती त्यांची थोरली विधवा बहीण, बाळाबाई. मुलगा प्रल्हाद बार्शीतच शाळेत मास्तर होता. ही तिघे मुलगी पाहायला आली ती स्टेशनावरून टांग्याने. आमच्या पेठेतले रस्ते म्हणजे खड्ड्यांना जोडणारी थोडीशी जमीन. टांगा दारात थांबला आणि त्र्यंबकराव उतरले ते पुन्हा बसलेच नाहीत. मी खुर्ची पुढे केली, तक्क्या पुढे केला, सौभाग्यवतींनी चौरंगावर गादी घालून दिली. ते म्हणाले, "नको, उभाच बरा." मुलगी पाटावर खाली मान घालून बसलेली आणि मुलाचा बाप खिडकीशी पाठमोरा उभा, असा तो समारंभ झाला. त्यांना मूळव्याध आहे हे मध्यस्थाने मागाहून सांगितले. आधी सांगायला त्याची जीभ का झडली होती ते देव जाणे.

मात्र त्याच बैठकीत एक गोष्ट घडली. प्रल्हादने दाक्षायणीला विचारले, "वाचनाची आवड आहे का?" मान हलवून 'हो' म्हणायचे असे तिला पढवलेले होते. ती म्हणाली, "तुमच्या गावात वाचनालय आहे का?" बाळाबाईंच्या हातातली वाटी अर्ध्यावर थांबली. सौभाग्यवतींनी डोळे मिटले. मुलगा मात्र हसला आणि म्हणाला, "आहे. पण पुस्तकं मला आणून द्यावी लागतील. बायका तिथं जात नाहीत." दाक्षायणी म्हणाली, "चालेल." असा हा दोन वाक्यांचा व्यवहार. मी आयुष्यभर करारनामे वाचत आलो, पण इतका स्वच्छ करार मी पाहिला नाही.

त्या दिवसापासून मुलगी बदलली. तांदूळ निवडता निवडता मला विचारी, "अप्पा, बार्शीचं पाणी जड आहे का हो?" कधी विचारी, कुर्डुवाडीला गाडी बदलायला फार वेळ मिळतो का. मी उत्तरे देई आणि वर्तमानपत्राच्या आड तोंड लपवी. बापाला अशा वेळी काय वाटते ते लिहिण्याची आमच्यात रीत नाही, पण मला फार बरे वाटे.

बार्शीहून निरोप आला: मुलगी पसंत. सुपारी फोडायला येतो. मात्र टांग्यात बसणार नाही.

आता सोपे होते. मोटार होती. पण परीक्षा म्हणून मी स्वतः मागच्या बैठकीवर बसून, कोर्टातल्या एका मित्राला चालवायला लावून, स्टेशनापासून घरापर्यंत आलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की आमच्या मोटारीपुढे टांगा म्हणजे पाळणा. तिचे टायर जुन्या पद्धतीचे, अरुंद आणि दगडासारखे टणक. मला मूळव्याध नव्हती, पण ती होण्याची चिन्हे त्या एका फेरीत दिसू लागली.

नव्या पेठेत टायर विकणारा एक एजंट होता. तो म्हणाला, "साहेब, आता दुनिया बलून टायरवर चालते. रुंद, गुबगुबीत, हवा कमी. खड्ड्यावरून गेलात तर खड्ड्यालाच कळणार नाही." त्याने चाके आणि टायर नवे रुंद बसवून दिले आणि जुनी चाके बदल्यात घेऊन त्याच दिवशी पुण्याला रवाना केली. ही घाई मला तेव्हा तत्परता वाटली.

दुकानापासून मी सरळ निघालो. खरोखर लोण्यावरून गेल्यासारखे वाटले. मी मनातल्या मनात त्र्यंबकरावांना मागच्या बैठकीवर बसवले, त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरवले, आणि घराकडे जायला हातातले चक्र उजवीकडे फिरवले. त्याबरोबर खालून 'खर्र' असा आवाज आला. रेड्याने घसा खाकरावा तसा. पाठोपाठ जळक्या रबराची घाण सुटली. उतरून वाकून पाहिले. चक्रापासून चाकापर्यंत जाणारा लोखंडी दांडा मोटारीच्या उजव्या बाजूला असतो. चाक उजवीकडे पुरते वळले की नव्या टायरचे पोट त्या दांड्यावर घासत होते. डावीकडे वळताना काही नाही. उजवीकडे वळले की खर्र. परत एजंटाकडे गेलो. तो म्हणाला, "टायरमध्ये दोष नाही. दांडा मध्ये येतो."

घरी पोचेपर्यंत पेठेला बातमी लागली होती. मोटारीखाली डोके घातलेला वकील हे दृश्य फुकट असल्याने माणसे जमलीच. शेजारचे महादेवप्पा तेलाचे व्यापारी. ते म्हणाले, "घासतंय नव्हं? एरंडेल लावा की वकीलसाहेब. पोटाला लावा, चाकाला लावा, एरंडेलला तोड नाही बघा." समोरचे नरसय्या हातमागवाले. त्यांचे मराठी तेलुगूच्या चालीवर चाले. ते म्हणाले, "तेल नको अण्णा. तेल लावला तर रबर मरतो. चाकाला थोडा कमी कर की. कापून टाक." तिसऱ्या कोणी दांडाच काढून टाकायला सांगितले. दांडा काढल्यावर मोटार वळवायची कशी, या प्रश्नाला त्याने "ते तुमी शिकल्यालं लोक बघा की" असे उत्तर दिले.

मी सगळ्यांचे ऐकले. माणूस मुलीचा बाप झाला की त्याला ऐकायची सवय लागते. एरंडेल लावले. टायर घासायचा थांबला नाही, पण त्याला वास मात्र दवाखान्याचा येऊ लागला आणि पेठेतली कुत्री आळीपाळीने चाक चाटून जाऊ लागली. मग चांभाराला बोलावून रापीने टायरची कड तासून घेतली. त्याने जीव लावून काम केले. पण टायर तासल्यावर असा दिसू लागला की उंदरांनी दिवाळी साजरी केली असावी, आणि घासणे होते तसेच राहिले, फक्त 'खर्र'च्या जागी 'खरखर्र' झाले.

शेवटी इस्माईल मिस्त्रीकडे गेलो. हा पूर्वी गिरणीच्या इंजिनावर होता, त्यामुळे लहान यंत्राबद्दल त्याला तुच्छता होती. त्याने दांड्यावर हातोडा हाणून पाहिला, मडगार्डावर हाणून पाहिला, मग एक लोखंडी ठोकळा आणून चाकाच्या सांध्याजवळ असा बसवला की चाक उजवीकडे थोडे वळले की तिथेच अडावे.

"लेव साब. अब घिसताच नै," तो हात पुसत म्हणाला.

मी चक्र फिरवून पाहिले. ते जरासे फिरून ठप्प झाले. "अरे, पण आता ही उजवीकडे वळतच नाही!"

"वळी तो घिसती ना साब," मिस्त्री म्हणाला. "वळीच नै तो घिसेगी कैसी?"

या युक्तिवादात खोट काढता येईना. डॉक्टर खाणे बंद करून अपचन बरे करतात तशातलाच हा उपाय होता. आणि वैरागकर मंडळी यायची वेळ जवळ आली होती. मी मोटार घरी आणली. मिस्त्रीच्या दुकानातून निघाले की घर उजव्या हाताला होते, म्हणून आधी घरापासून दूर दूर जावे लागले.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. उजवीकडे जायचे तर तीन वेळा डावीकडे वळायचे, हे गणित कागदावर ठीक आहे. सोलापूरचे बोळ कागद पाहून बांधलेले नाहीत. एखाद्या बोळात शिरावे तर तो कोणाच्या तरी गोठ्यात संपे. माझी अशिले पायी चालत माझ्या आधी कोर्टात पोचत आणि मला पाहून केविलवाणी होत. ज्याला आपली मोटार वळवता येत नाही तो आपला खटला काय वळवणार, असे त्यांच्या मनात येत असावे. घरी सौभाग्यवतींचे एकच पालुपद: "आधी पोरगी उजवा, मग मोटार उजवीकडे वळते की नाही ते बघा." मुलगी उजवणे आणि मोटार उजवणे या दोन गोष्टी माझ्या डोक्यात इतक्या एकमेकींत गुंतल्या की एकदा भर कोर्टात मी "प्रतिवादीने शेत उजवले" असे म्हणून गेलो.

पण खरी अडचण मारुतीने केली. आमच्या पेठेच्या तिठ्यावर मधोमध मारुतीचा पार आहे. वाहनांनी रस्त्याच्या डाव्या बाजूने जायचे हा सरकारी नियम, म्हणजे पार उजव्या हाताला ठेवून जायचे. देवाला उजवे घालून जायचे हा आपलाही नियम. इंग्रज सरकार आणि हिंदू धर्म यांचे ज्या मोजक्या बाबतींत एकमत होते त्यांत आमचा पार होता, आणि त्या दोघांच्या विरोधात मी एकटा होतो. कारण पार उजवीकडे ठेवून जायचे तर सारखे उजवीकडे वळावे लागते. मला तो डावीकडे ठेवूनच जाता येई.

पहिल्याच दिवशी हवालदार धोंडीराम आडवा आला. "वकीलसायेब, ह्ये काय चाललंय? मारुतीला उलटा फेरा? सरकारचा बी कायदा हाय आन् देवाचा बी हाय की."

मी त्याला ठोकळा दाखवला. तो वाकून बघून आला आणि म्हणाला, "ठोकळ्याचा कायदा न्हाय बगा. हुकूम आना, मग फिरा कसं बी."

हुकूम आणायला पोलीस कचेरीत गेलो. तिथला कारकून म्हणाला, पार देवस्थानचा आहे, पंचांची हरकत नाही असे आणा. पंचांकडे गेलो तर मुख्य पंच आमचे महादेवप्पाच. ज्यांनी पाच बाटल्या एरंडेल मला विकले ते आता डोक्यावर पंचाचे पागोटे घालून गंभीर बसले होते. म्हणाले, "शेजारी म्हणून मला लई वाईट वाटतंय वकीलसाहेब. पंच म्हणून न्हाई वाटत. उलटा फेरा म्हणजे मसणातला फेरा. तुम्ही मोटारीतनं जितके उलटे घालाल तितके पायी सुलटे घाला. मग आमची हरकत न्हाई."

असे मी रोज सकाळी, कोर्टाचा डगला घालून, मारुतीभोवती पायी फिरू लागलो. आदल्या दिवसाच्या फेऱ्यांचा हिशेब धोंडीराम ओट्यावरून ओरडून सांगे. नव्या अशिलांना वाटे मी भक्तिमान आहे. जुन्यांना खरे कारण माहीत होते आणि ते नव्यांना सांगत.

वैरागकर मंडळी यायच्या दिवसासाठी मी रस्ता आधी चार वेळा चालून पाहिला होता. स्टेशनावरून निघून, पाराला अजिबात न शिवता, नरसय्यांच्या मागच्या बोळातून डावीकडे, पुन्हा डावीकडे, आणि आमचे दार. बाळाबाई कर्मठ. त्यांच्यासमोर मारुतीला उलटा फेरा घालण्याचा प्रश्नच नव्हता. सकाळी निघताना पाहिले तर दाक्षायणी माडीच्या खिडकीत इरकली नेसून उभी होती. लांबून पाहिल्यावर ती मला एकदम आपल्या घरातली वाटेनाशी झाली. मी भोंगा वाजवला. ती आत पळाली.

गाडी वेळेवर आली. त्र्यंबकराव मोटारीकडे संशयाने बघत मागे बसले. शेजारी बाळाबाई, पुढे माझ्याजवळ प्रल्हाद. मोटार चालू लागली, एक खड्डा गेला, दुसरा गेला, आणि मागून आवाज आला, "अहो वकीलसाहेब, हे तर गादीवर बसल्यासारखं आहे!" या एका वाक्यासाठी मी इतके सोसले होते. बाळाबाईंनीसुद्धा "बरी आहे हो मोटार" असे म्हटले. प्रल्हाद हळूच मला म्हणाला, "घरी सगळे बरे आहेत ना?" सगळे म्हणजे कोण ते मला कळले. मी म्हटले, "बरे आहेत. वाटच पाहत आहेत."

नरसय्यांच्या बोळाच्या तोंडाशी आलो आणि मोटार थांबवली. बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचा ताणा पसरलेला. लुगड्यांसाठी ओढलेले हजारो धागे, काठ्यांवर ताणलेले, आणि चारपाच माणसे दोन्ही बाजूंनी त्यांना कुंच्याने खळ लावत होती. आमच्याकडे ताणा रस्त्यावरच घालतात. दुसरीकडे इतकी लांब जागा कुठून आणायची? पण नेमका आजच?

"नरसय्या, थोडा उचला की!" मी हाक मारली.

नरसय्या धावत आले. त्यांचे दोन्ही हात खळीने पांढरे. "अय्यो अण्णा, आताच लावला! वली खळ हाय. उचलला तर सगळा धागा एकमेकाला चिकटून जातो. दोन महिन्याचा काम मातीत. वाळू दे की. ऊन चांगला हाय."

त्यांचे म्हणणे खरे होते. मागे फिरणे अशक्य होते, कारण डावीकडे ताणा होता आणि उजवीकडे मोटार वळत नव्हती. मोटारीचे पाणी तापून टोपणातून वाफ येऊ लागली होती, आणि खाली कुठेतरी नळी सुटून पाण्याची बारीक धार लागली होती. इंजिन बंद पडले तर पुन्हा हँडल मारून ते चालू होईल याची खात्री नव्हती. एकच वाट उरली. पार.

मी ठरवले, झपकन जायचे. पाराला डावे घालून पाव फेरा, की आमचा बोळ. बोलता बोलता होऊन जाईल, म्हाताऱ्यांच्या लक्षातही यायचे नाही. गेलो. आमच्या बोळाच्या तोंडाशी रुईच्या गाठींनी भरलेली बैलगाडी आडवी. गाडीवान बिडी ओढतोय. मी भोंगा वाजवला. बैल बुजले आणि गाडी आणखीच आडवी झाली. थांबलो असतो तर मोटार बंद पडली असती. मी तशीच पुढे काढली, पाराभोवती.

मागून बाळाबाईंचा आवाज आला. "वकीलसाहेब, मारुती डाव्या हाताला येतोय."

"हो हो," मी म्हटले. "इथं जरा तशी पद्धत आहे."

दुसऱ्यांदा बोळापाशी आलो. गाडीवान आता खाली उतरून बैलांची समजूत घालत होता. पुन्हा पुढे. तिसऱ्यांदा आलो तरी गाडी आडवीच. ओट्यावर माणसे जमू लागली. धोंडीराम हात वर करून काही ओरडत होता. मी मान वळवून मागे पाहिले ते पाहायला नको होते. मोटारीमागे रस्त्यावर पाण्याची एक बारीक, अखंड ओली रेघ उमटत होती. पाराभोवती गोल.

तेव्हा मला समजले की आपण काय करतो आहोत. माझ्या आधी ते बाळाबाईंना समजले होते. गळकी घागर आणि उलटे फेरे कुठे घालतात, हे हिंदू माणसाला सांगावे लागत नाही. मागून बाळाबाई म्हणाल्या, "हा तिसरा."

माझा धीर सुटला. समोर उजव्या हाताला एक मोकळा बोळ दिसला आणि काही झाले तरी तिसरा फेरा पुरा होऊ द्यायचा नाही एवढेच मनात धरून मी चक्र सगळ्या ताकदीने उजवीकडे ओढले. इस्माईलचा ठोकळा कटकन मोडला. मोटार वळली. खर्र झाले, आणि तासून तासून आधीच अर्धमेला झालेला टायर धडाम करून फुटला. आवाज असा झाला की पारावरचे पारवे उडाले. आणि त्याच क्षणी, भीतीने म्हणा, सवयीने म्हणा, बाळाबाईंनी पालथा हात तोंडावर नेला आणि बोंब मारली.

म्हणजे काहीच बाकी राहिले नाही. फेरे झाले, पाणी सांडले, घागर फुटली, बोंबही झाली. सगळा विधी यथासांग पार पडला आणि ज्यांच्यासाठी तो झाला असे दिसत होते ते गृहस्थ मागच्या बैठकीवर पांढरेफटक पडून बसले होते. त्र्यंबकराव बोलले.

"वकीलसाहेब, मी अजून जिवंत आहे."

"ते दिसतंच आहे," असे काहीतरी मी म्हटले. ते म्हणायला नको होते.

टांगा मागवला गेला. ज्या माणसासाठी मी टांगा टाळला होता तो माणूस आपण होऊन टांग्यात चढला आणि खुशाल बसला. बाळाबाई मारुतीकडे पाठ करून पुटपुटत होत्या. त्यांच्या पायाशी मी वाकायला गेलो तर त्या म्हणाल्या, "शिवू नका. आम्हाला आता घरी जाऊन आंघोळ आहे." मी हात जोडले. पदवी, सनद, डगला, सगळे विसरून भर रस्त्यात हात जोडून सांगितले की हा केवळ यंत्राचा दोष आहे, मुलीचा यात काय संबंध, एकदा घरी येऊन तिला बघा, पाणी तरी घ्या. महादेवप्पाही मध्ये पडले. पण त्यांनी "वकील रोज फेडतात की फेरे, मी साक्षीदार हाय" असे सांगितले, आणि त्यातून हे रोजचेच आहे असा अर्थ निघाला.

प्रल्हाद एकटा अजून खाली उभा होता. त्याने मला विचारले, "घर किती लांब आहे?"

"हे काय, या बोळात. हाक मारली तर ऐकू जाईल."

तो बोळाकडे वळला. बैलगाडी आता बाजूला झाली होती, वाट अगदी मोकळी होती. तो चारदोन पावले गेलासुद्धा. टांग्यातून आत्याबाईंनी "प्रल्हाद!" अशी हाक मारली. तो थांबला. मग मान खाली घालून परत आला आणि टांग्यात बसला. त्याला मी दोष देत नाही. आमच्या पिढीने मुलांना हाक मारली की परत यायला शिकवले, दुसरे काय शिकवले?

नकाराचा निरोप मध्यस्थाने दिवेलागणीच्या आतच आणला. पत्रिका जुळत नाहीत असे त्यांच्या लक्षात आले होते.

नरसय्यांच्या माणसांनी मोटार ढकलत दारापर्यंत आणली. त्यांचा ताणा केव्हाच वाळून निघाला होता. ते रडकुंडीला येऊन पुन्हा पुन्हा म्हणत होते, "घंटाभर थांबला असता तर, अण्णा." आत सौभाग्यवती भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी बाहेर येऊन मोटारीतच बसलो. ती एका कुशीवर कलंडलेली, मीही तसाच कलंडलेला.

दाक्षायणी बाहेर आली. इरकली बदलून रोजचे लुगडे नेसली होती. ती शेजारच्या बैठकीवर येऊन बसली आणि म्हणाली, "अप्पा, पानं वाढलीत. आत चला."

मी चक्रावरची धूळ पुसत बसलो.

"तुम्ही उगीच मनाला लावून घेता," ती म्हणाली. "मला ते स्थळ पहिल्यापासूनच नको होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. एक तर गाव लहान. त्यातून घरात ती आत्याबाई. आणि मास्तर माणसं सारखी शिकवत राहतात. मला नाही आवडत. झालं ते बरंच झालं."

कोर्टात इतकी वर्षे काढल्यावर माणसाला दुसरे काही येवो न येवो, साक्ष ओळखता येते. खरा साक्षीदार अडखळतो, मागेपुढे करतो, पाणी मागतो. खोट्याची साक्ष क्रमवार असते, कुठे धागा तुटत नाही, आणि तो सरळ तुमच्या डोळ्यांत बघून बोलतो. माझी मुलगी एकदाही अडखळली नाही. बोलून झाल्यावर तिने मांडीवरची पदराची कड दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवली होती आणि ती माझ्याकडे बघत होती, मी काय विचारतो म्हणून.

मी "बरं" म्हणालो. उलटतपासणी घेतली नाही.